आधी मी, मग तू

हिवाळ्यासाठी पिंपात खारवायच्या कोबीच्या गड्ड्यातून दांडा काढताना सुरी निसटली आणि माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात शिरली. पहिलं म्हणजे अंगठ्याशेजारचं. चेलोवाले अंगठा मोजत नाहीत.

"पिंपात रक्त नाही ना पडलं?" माझी बायको सेव्दा ओरडली.

"माझं बोट बघ आधी."

"बोट तुझं एकट्याचं आहे. कोबी एप्रिलपर्यंत दोघांना खायचाय."

असं बोलत बोलतच तिने ओढणी फाडून बोट आवळलं आणि मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. चार टाके पडले. डॉक्टरीणबाई म्हणाली, महिनाभर या बोटावर जोर द्यायचा नाही. पहिल्या बोटाशिवाय चेलोच्या पट्टीवर हाताला ठावठिकाणा राहत नाही, म्हणजे महिनाभर वाजवणं बंद. मला एकोणसत्तरावं चालू होतं. खोटं कशाला सांगू, घरी येताना मला सुट्टी लागलेल्या पोरासारखं वाटत होतं.

"खुशीत येऊ नकोस," सेव्दा म्हणाली. "शिकवायला तोंड पुरतं. शिकवण्या बंद नाही करायच्या."

आमचं घर लोमला, डॅन्यूब नदीवरच्या बंदराच्या वरच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत मी चेलो शिकवतो. सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. सात वर्षांची यांका येते. तिचा चेलो अर्ध्या मापाचा, ती त्याच्या खांद्यावर गाल टेकते आणि झोपून जाते. दातांचे डॉक्टर मिन्चेव्ह नऊ वर्षं येताहेत आणि पुढच्या आठवड्यापासून रियाज सुरू करणार आहेत. स्पिरो जहाजावर आचारी होता. त्याला फक्त सगळ्यात जाड तार आवडते, कारण ती वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला ऐकू जाते. त्याचं आणि त्या शेजाऱ्याचं बावीस वर्षांचं वैर आहे. अशी सगळी आळीपाळीने एकाच खुर्चीत बसतात आणि मी समोरच्या खुर्चीत.

शिकवायची माझी पद्धत एकच. आधी मी, मग तू. माझ्या बापाने मला तसंच शिकवलं. तो मोहल्ल्यातल्या लग्नांत वाजवायचा, मी मागे उभा राहून ऐकायचो, मग मी वाजवायचो. शिष्यांसमोर सूर लिहिलेला कागद असतो, नाही असं नाही. पण कागदावरचं काय आहे ते आधी मी वाजवून दाखवतो. संध्याकाळी सहाजणांचे सहा तास मीच वाजवलेले असतात. लोक म्हणतात, मास्तर किती कष्ट घेतात. खरं म्हणजे समजावून सांगण्यापेक्षा वाजवून दाखवणं सोपं. समजावताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, त्याला कळलं की नाही ते शोधावं लागतं. वाजवताना डोळे मिटता येतात.

गुरुवारी पाचला दोब्रिन्का यायची.

दोब्रिन्का बंदरात क्रेन चालवते. वय त्रेपन्न, सव्वीस वर्षं त्या उंच खोक्यात बसून जहाजांतलं धान्य आणि लोखंड उचलते. तिच्यासारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत. इतका मोठा लोखंडी हात केसभर हलवायची सवय असलेल्या बाईला गज धरायला काय शिकवायचं? सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा काहीच येत नव्हतं. आता माझ्या सगळ्या शिष्यांत तीच खरी वाजवणारी होती. मी एकदा वाजवलं की ती तसंच्या तसं वाजवायची, माझ्या चुकांसकट.

तिला एकच हवं होतं, वाचनालयाच्या वाद्यवृंदातली चेलोची जागा. आमच्या वाचनालयात पुस्तकं खाली आणि वाद्यवृंद वर. तिथला म्हातारा चेलोवाला सप्टेंबरात कायमचा लेकीकडे व्रात्साला गेला. खिडकीशेजारची खुर्ची रिकामी झाली. वाद्यवृंद चालवणाऱ्या शेवकेनोवाबाईंनी नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार परीक्षेला ठेवला. दोब्रिन्काने त्या शनिवारची रजा तारीख कळली त्याच दिवशी टाकली होती. काळा परकर शिवून घेतला होता. एवढं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, दिवसभर मी वर एकटी असते," ती म्हणाली. "खाली माणसं बोलतात, हसतात, मला फक्त त्यांच्या टोप्या दिसतात. मला एकदा माणसांच्या मधोमध बसून काहीतरी करायचंय."

तर बोट कापलं त्या आठवड्यातला गुरुवार. मी एक नवा कागद स्टँडवर लावला आणि म्हणालो, "आज माझ्या बोटाला सुट्टी. तूच आधी."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गजाला राळ लावली. चेलोच्या खालची सळई आत-बाहेर केली. तारा जुळवल्या. जुळलेल्या तारा पुन्हा जुळवल्या.

"मास्तर, नुसतं गुणगुणा ना एकदा."

"कशाला? सोपं आहे. यांकाला येईल."

तिने गज टेकवला. पहिला सूर चुकला. दुसराही चुकला, आणि तो असा चुकला की त्याचा कागदाशी काही संबंधच नव्हता. मग ती थांबली. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कागदावर होते, पण एकाच जागी खिळलेले.

ते डोळे मला माहीत होते. वीस वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. लष्करात घरून पत्र आलं की बाकीच्यांसारखं मीही ते उघडून धरायचो आणि ओठ हलवायचो. मधूनच हसायचो. कुणाला कळलं नव्हतं, एका सार्जंटला सोडून. त्याने एका हिवाळ्यात मला अक्षरं शिकवली आणि पुढच्या हिवाळ्यात सूर वाचायला शिकवलं. त्याला कसं कळलं ते त्याने नंतर सांगितलं. म्हणाला, तुझे डोळे ओळीबरोबर चालत नाहीत.

"दोब्रिन्का, हा सूर कोणता?" मी कागदावर बोट ठेवलं.

"टाके कधी काढणार आहेत?"

"टाक्यांचं राहू दे. हा कोणता?"

तिने कागदावरून डोळे काढले.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"अगं, पण पानं तर उलटायचीस तू. बरोबर जागी उलटायचीस."

"पान संपत आलं की तुम्ही नाकाने मोठा श्वास घेता. तो आला की उलटायचे."

राग यायला हवा होता, पण रागालासुद्धा अंगात जोर लागतो.

"सांगायचंस की मला."

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, हे टिंब म्हणजे काय, हे शेपूट कशाला. तुम्ही म्हणालात, कान आहे ना तुला? मग कागदाचं पुढे बघू. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा पुढे बघू. तिसऱ्यांदा लाज वाटली."

मला यातलं काही आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, ते मी ओळखलं.

"खरं बोलतेय ती," स्वयंपाकघरातून सेव्दाचा आवाज आला. "मी इथेच होते. मिरच्या भाजत होते."

परीक्षेला सोळा दिवस होते. शेवकेनोवाबाईंची परीक्षा म्हणजे न पाहिलेला कागद समोर ठेवतात आणि वाजव म्हणतात. मी पाच रेघा ओढल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हा अमुक, हा तमुक. दोब्रिन्का एकेका टिंबावर बोट ठेवून मोजायची, खालून वर, पुन्हा खालून वर. वीस मिनिटांत तिच्या कपाळावर घाम आला आणि माझं डोकं ठणकायला लागलं. एवढ्यात तिने चार सूर वाचले होते, त्यातले दोन चुकीचे. सोळा दिवसांत हे होणार नाही हे तिलाही कळत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग जे बोलायला नको होतं ते बोललो.

"शेवकेनोवाबाई गेली अकरा वर्षं चेलोवाल्यांना एकच कागद देतात. त्यांनी स्वतःच लिहिलेला. माझे दोन शिष्य तोच वाजवून आलेत."

"मग?"

"मला तो पाठ आहे."

तिने गज मांडीवर आडवा ठेवला.

"बरोबर नाही ते," ती म्हणाली.

"नाहीच."

"सगळ्यांना माहीत आहे का तो कागद?"

"निम्म्या लोमला माहीत असेल."

तिने चेलो सरळ केला. "गा," ती म्हणाली. "एकदाच."

मी गायलो. दुसऱ्यांदा गायची गरज पडली नाही. तिने गज उचलला आणि सगळं जसंच्या तसं वाजवलं. मधे मला ठसका लागला होता, तिथे तिने तेवढीच जागा सोडली. मी म्हणालो, "तो ठसका होता, तो काढून टाक." ती हसली नाही. कागद एका पानाचा आहे, उलटायचा नाही, एवढं मी तिला बजावलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली. दमलेल्या माणसाला जे लवकर मिटतं तेच बरं वाटतं.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात आम्ही गेलो. शेगडी नुकतीच पेटवली होती, सगळे कोट घालूनच बसले होते. वाद्यवृंदातली दहा-बारा माणसं तालमीसाठी आधीच आली होती. मी मागच्या रांगेत बसलो. दोब्रिन्काने काळा परकर घातला होता. शेवकेनोवाबाई माझ्याच वयाच्या, बारीक, दोन चष्मे गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी कागद स्टँडवर ठेवला, तोच कागद, कोपऱ्याला कॉफीचा डाग पडलेला.

"एकदा नजर टाकून घे, मग सुरू कर," बाई म्हणाल्या.

दोब्रिन्काने कागदाकडे पाहिलं. मी सांगितलं होतं, मनात दहापर्यंत मोज. तिने मोजलं असणार. मग वाजवायला लागली.

असं वाजवलं तिने की पेटीतून व्हायोलिन काढणारा माणूस तसाच हात आत घालून थांबला. मी डोळे मिटून घेतले. संपलं तेव्हा कुणीतरी "वा" म्हणालं. शेवकेनोवाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "छान. आता तेराव्या खणापासून पुन्हा. जरा हलक्या हाताने."

कागदावर उभ्या रेघा असतात, त्यांच्यामधले ते खण. तेरावा खण म्हणजे बारा मोजून पुढचा. बाई हे प्रत्येकाला सांगतात. माझ्या दोन्ही शिष्यांनी घरी येऊन मला सांगितलं होतं, मधूनच सुरू करायला लावतात. तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता. वाचता येणाऱ्याला त्यात काय अवघड?

दोब्रिन्काने कागदाकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"नाही, नाही. तेरावा."

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी हलक्या हाताने.

"ऐकू येतंय ना गं? तेरावा म्हणाले मी."

"सुरुवातीपासून वाजवत तिथे आले तर चालेल?" दोब्रिन्काने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"इथे वीस माणसं ताटकळत असतात. सगळ्यांना घेऊन सुरुवातीला जाऊ का दर वेळी?"

कुणीतरी हसलं. दोब्रिन्काची मान लाल झाली. तिची बोटं पट्टीवर वर-खाली जागा शोधत होती आणि सापडत नव्हती. ते मला बघवेना. मी ठरवून केलं नाही, शपथेवर सांगतो. मागच्या रांगेतून, तोंड मिटून, मी तेरावा खण गुणगुणायला लागलो.

तिने तो तिथल्या तिथे उचलला. माझ्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, सुंदर वाजवत गेली. आणि दालनात सगळ्यांना दोन्ही ऐकू येत होतं, आधी मी, मग ती.

शेवकेनोवाबाईंनी एक चष्मा काढून दुसरा लावला.

"रांगेल," त्या मला नावाने हाक मारून म्हणाल्या, "परीक्षा कुणाची चाललीय? हिची की तुझी?"

मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, हिला वाचता येत नाही. मी शिकवलंच नाही. हा कागदही मीच गाऊन दाखवला. चूक तिची नाही."

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही. सोमवारी मी नवे कागद वाटणार. ही काय करणार?"

"मी आधी बघेन. गाऊन दाखवीन तिला."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी," मी म्हणालो. बोलता बोलताच माझ्या पाठीत कळ आली, पण मी म्हणालो.

शेवकेनोवाबाई वहीवर पेन्सिल आपटत राहिल्या. त्यांना चेलोवाला हवा होता. डिसेंबरात कार्यक्रम होता आणि दोब्रिन्कासारखा सूर त्यांच्या वाद्यवृंदात कुणाचाच नव्हता. आता त्या हो म्हणणार, असं मला वाटलं.

"नको," दोब्रिन्का म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती गजाचे केस सैल करत होती.

"बाई, माझ्या कामावर खालचा माणूस हात दाखवतो आणि मी उचलते. त्याने थांब म्हटलं की थांबते. सव्वीस वर्षं तेच केलं. इथेही तेच करायचं असेल तर मी वरच बरी. वाचायला शिकले की येईन."

"उन्हाळ्यापर्यंत जागा अडवून ठेवणं मला जमणार नाही हं," शेवकेनोवाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण शब्द ठाम होते. "कुणी मिळालं तर मी देणार."

"द्या," दोब्रिन्का म्हणाली.

आम्ही नदीकाठच्या रस्त्याने परत निघालो. डॅन्यूबवर धुकं होतं, पलीकडचा रुमानिया दिसत नव्हता. तिने चेलो पाठीवर घेतला होता. बराच रस्ता ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती.

"गुणगुणायची काय गरज होती?" शेवटी ती म्हणाली. मागे वळली नाही.

"तुझी अवस्था बघवली नाही."

"मला पडू द्यायचं होतं. एकटीला. सगळ्यांसमोर नाचवलंत मला, लग्नातल्या अस्वलासारखं."

थोडं पुढे गेल्यावर मी म्हणालो, "मी शिकवण्या बंद करतो आता. वय झालं. सगळ्यांनाच असं शिकवलं असेल मी, कुणास ठाऊक. मिन्चेव्हलासुद्धा येत नसेल वाचता."

ती थांबली. पाठीवरच्या चेलोसकट पूर्ण वळली.

"अस्सं? माझं अर्धं करून ठेवायचं आणि दुकान बंद करायचं? सहा वर्षं दर गुरुवारी आले मी, मास्तर. रात्रपाळी करून आले, ताप असताना आले. दमलात तर बसून दमा. गुरुवारी पाचला येते मी."

आणि ती आली. टाके निघाले होते, बोट चालत होतं. तरी मी माझा चेलो पेटीत घालून झोपायच्या खोलीत ठेवला होता आणि दाराला कुलूप लावून किल्ली सेव्दाकडे दिली होती. "मागितली तर देऊ नकोस," मी म्हणालो.

"मागशीलच तू," सेव्दा म्हणाली. "दहा मिनिटांत."

दोब्रिन्काने यांकाची पहिली वही आणली होती, मोठ्या टिंबांची, कडेला बदकं काढलेली. यांकाने ती तिला उसनी दिली होती आणि रंगवायची नाही अशी ताकीदही दिली होती. जिच्या सुरावर दालन थांबलं होतं, ती बाई आता एक सूर वाजवायची, थांबायची, पुढचं टिंब मोजायची, मग दुसरा. मधे काही वेळा तर मिन्चेव्ह बरे असं वाटायचं. माझे हात मांडीवर वळवळत होते. एकदा मी नाकाने श्वास घेतला तर ती गुरकावली, "नाकसुद्धा नको, मास्तर."

मी किल्ली मागायला दोनदा स्वयंपाकघरात गेलो. सेव्दाने दोन्ही वेळा न बघताच मान हलवली.

तिसऱ्या गुरुवारी, ती यायच्या थोडं आधी, शेवकेनोवाबाईंचा फोन आला. विदिनचा एक मुलगा मिळाला होता. संगीतशाळेतून शिकलेला, सूर बेताचा, पण वाचतो फटाफट. खिडकीशेजारच्या खुर्चीत तो सोमवारी बसला. मी दोब्रिन्काला ते ती कोट काढत असतानाच सांगून टाकलं. उगाच तासभर पोटात ठेवून काय करायचं.

तिने कोट खुंटीला अडकवला. अडकवलेला कोट पुन्हा सारखा केला.

"तरुण आहे का?"

"बावीसचा."

"मग लवकर नाही हलायचा तो," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. वही उघडली, टिंबावर बोट ठेवलं, खालून मोजायला लागली. मी समोरच्या खुर्चीत बसलो. काही बोललो नाही, काही गायलो नाही. मान इतकी दुखत होती की भिंतीला टेकवून ठेवली होती. एक सूर. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, चुकलेला. तिने स्वतःच थांबून टिंब पुन्हा मोजलं.

सहा वाजून गेले तेव्हा दीड ओळ झाली होती. मी घड्याळाकडे पाहिलं, तिने मला पाहताना पाहिलं.

"दमलात?"

"दमलोय."

"मीपण," ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं.